हजार यार्डांसाठी स्कोप बसवताना

.३०८ विंचेस्टर काडतुसाची १७५ ग्रेन वजनाची गोळी साधारण ७९० मीटर प्रतिसेकंद वेगाने नळीबाहेर पडते. रायफल १०० यार्डांवर झिरो केलेली असेल, म्हणजे तिथे नेम धरला तिथेच गोळी पडेल अशी जुळवलेली असेल, तर हजार यार्डांसाठी, म्हणजे ९१४ मीटरसाठी, स्कोपवर सुमारे ११.५ मिल (मिल हे कोनाचं एकक) चढवावे लागतात. लक्ष्यावर मोजलं तर ही उंची साडेदहा मीटर भरते. एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजीच्या लक्ष्यावर पूर्ण गुणांचं वर्तुळ मात्र जेमतेम २५ सेंमी व्यासाचं. साडेदहा मीटरचा हिशोब स्कोपच्या टरेटवर, म्हणजे नेम सरकवणाऱ्या चाकावर, सोपवून आपण त्या वर्तुळात गोळी मागतो. तो टरेट खरं बोलतोय का, हे कागदावर तपासलेलं नसेल तर मागण्याला अर्थ नाही.

हा लेख एफ-क्लासमधल्या एफ-टीआर प्रकारातल्या बोल्ट-ॲक्शन रायफलीसाठी आहे. आडवं झोपून, पुढे बायपॉड (दोन पायांचा टेकू) आणि मागे वाळूची पिशवी, काडतूस .३०८ किंवा .२२३, स्कोपसकट वजन सव्वाआठ किलोंच्या आत. एफ-क्लासमधला ‘एफ’ कॅनडाच्या जॉर्ज ‘फार्की’ फार्कहारसन यांच्या आडनावातून आला. इंग्लंडमध्ये हा खेळ बघायचा तर सरे परगण्यातलं बिस्ली गाठावं. तिथल्या स्टिकलडाउन रेंजवर १२०० यार्डांपर्यंत नेमबाजी चालते.

आपल्याकडच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर तेजस्विनी सावंत किंवा स्वप्निल कुसाळे येतील. तो खेळ वेगळा. कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, आणि तिथे दुर्बिणीचा स्कोप चालतच नाही. मागे बारीक भोकाची साइट, पुढे गोल रिंग. पुढचं सगळं स्कोपवाल्यांसाठी आहे.

खरेदीआधीचा हिशोब

एकके आधी पक्की करा. १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंमी. १ एमओए (मिनिट ऑफ अँगल) म्हणजे १०० मीटरवर २.९ सेंमी. १ मिलमध्ये ३.४४ एमओए बसतात. टरेट मिलचा असेल तर रेटिकलही (स्कोपमध्ये दिसणाऱ्या नेमाच्या रेघा) मिलचंच घ्या. एक मिलमध्ये आणि दुसरं एमओएमध्ये असे स्कोप आजही विकले जातात; स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, दर गोळीला गुणाकार करत बसावं लागतं.

मग स्कोपची एकूण उभी हालचाल बघा. समजा ती १८ मिल आहे. सपाट रेलवर (रायफलीवरची, स्कोप बसवायची पट्टी) १०० यार्डांचा झिरो साधारण मध्यावर येतो, म्हणजे वर चढायला ९ मिल उरतात. हवेत ११.५. हजार यार्डांचं लक्ष्य या स्कोपला दिसेल, पण टरेट तिथवर पोचणार नाही. यावर उपाय म्हणजे उताराची रेल. २० एमओएची रेल ५.८ मिल देते, वरची जागा १४.८ होते आणि खाली ३.२ उरतात. उत्साहाने ४० एमओएची रेल घेतली तर तिचे ११.६ मिल खालच्या ९मध्ये मावत नाहीत आणि १०० यार्डांवर झिरोच होत नाही. याच स्कोपची हालचाल ३० मिल असती तर सपाट रेलवरही काम भागलं असतं. तरी मी २०चीच रेल लावेन, कारण हालचालीच्या टोकाशी काम करण्यापेक्षा मध्याजवळ राहिलेलं बरं.

उताराच्या रेलची जाड बाजू मागे, म्हणजे डोळ्याकडे येते. ती उलटी बसवलेली रायफल रेंजवर येते आणि तिचा मालक स्कोपला शिव्या घालत असतो.

रिंग, म्हणजे स्कोप धरणारं कडं, स्कोपच्या नळीच्या मापाचीच हवी: ३० मिमीला ३०, ३४ला ३४. उंची अशी निवडा की पुढची भिंगाची बाजू रायफलीच्या नळीपासून दोन-तीन मिलिमीटर सुटेल आणि बोल्टचा दांडा आयपीसला (स्कोपच्या डोळ्याकडच्या टोकाला) लागणार नाही. स्कोप शक्य तितका खाली बसवावा, हे जुनं सांगणं मात्र आंधळेपणाने पाळू नका. समायोज्य गालपट्टी असलेल्या स्टॉकवर मान अवघडत नाही ती उंची योग्य. स्पर्धेत अर्धा-पाऊण तास तसंच पडून राहायचं असतं.

रेल

रायफल रिकामी करा, बोल्ट काढून बाजूला ठेवा, काडतुसं दुसऱ्या खोलीत. पुढचं काम घरच्या टेबलावर होणार आहे आणि त्यात तुम्ही नळीसमोर अनेकदा याल.

रेलचे स्क्रू, त्यांची भोकं आणि रेलची खालची बाजू एसीटोनने पुसून कोरडी करा. मग फक्त पुढचा स्क्रू हलका आवळा आणि रेलचं मागचं टोक बघा. ते उचललं जात असेल, तर सगळे स्क्रू आवळल्यावर रेल वाकणार, आणि वाकलेल्या रेलवरच्या रिंगा स्कोपलाही वाकवणार. हीच परीक्षा उलट बाजूने, मागचा स्क्रू आवळून, पुन्हा करा. फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजता येते. गेज नसेल तर कागदाची पट्टी सरकते का ते बघा. फट असेल तर इपॉक्सीचं बेडिंग करून घ्या, म्हणजे ती इपॉक्सीने भरून घ्या. रिलीज एजंट (इपॉक्सी चिकटू न देणारा लेप) लावण्याचा सराव नसेल तर हे काम गनस्मिथकडे द्या, नाहीतर रेल रायफलीला कायमची चिकटेल.

आणखी एक तपासणी लोक विसरतात. पुढचा स्क्रू लांब असला तर तो आत बोल्टच्या लगला (पुढच्या टोकाच्या दाताला) टेकतो. रेल आवळल्यावर बोल्ट घालून उघडझाप करा. आधीसारखा लोण्यासारखा चालायला हवा. अडतोय असं वाटलं तर स्क्रू काढून त्याच्या टोकावर चकाकी आली आहे का बघा.

किती आवळायचं, ते रेल बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावरून ठरवा. इथे एककाचा घोळ होतो. अमेरिकी कागदावर इंच-पौंड असतात, युरोपी पान्यावर न्यूटन-मीटर. १ न्यूटन-मीटर म्हणजे ८.८५ इंच-पौंड. रिंगसाठी १८ लिहिलेलं असेल तर ते २ न्यूटन-मीटर होतात. १८ न्यूटन-मीटर लावले तर स्कोपची नळी चेपेल. रेलच्या स्क्रूंना सौम्य, म्हणजे निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक ठिपका पुरतो. ओल्या आट्यांवर तोच टॉर्क (आवळण्याचा जोर) जास्त ताण देतो, तेव्हा दिलेला आकडा कोरड्या आट्यांचा आहे की ओल्या, हे वाचून घ्या. रिंगच्या वरच्या स्क्रूंना मी थ्रेडलॉकर लावत नाही.

रिंगा रेलवर

पिकाटिनी, म्हणजे आडव्या खाचांच्या, रेलच्या खाचेपेक्षा रिंगचा आडवा बोल्ट किंचित बारीक असतो, त्यामुळे रिंग थोडी पुढे-मागे खेळते. ती नळीच्या दिशेने पूर्ण पुढे ढकलून धरा आणि तशीच आवळा. गोळी सुटली की रायफल मागे येते, स्कोप जडत्वाने जागच्या जागी राहू पाहतो, म्हणजे रेलच्या हिशोबाने तो पुढे सरकतो. आडवा बोल्ट आधीच पुढच्या भिंतीला टेकलेला असला की सरकायला जागा उरत नाही. मोठ्या षटकोनी नटाच्या बऱ्याच रिंगांना ६५ इंच-पौंड, म्हणजे ७.३ न्यूटन-मीटर सांगितलेले असतात.

महाराष्ट्रातल्या ज्यांच्याकडे स्प्रिंग-पिस्टनची एअर रायफल आहे, त्यांच्यासाठी हा नियम बदलतो. तिचा धक्का आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी असतो. तिथे ११ मिमीच्या डव्हटेलवर (तिरप्या कडांच्या पट्टीवर) स्टॉप-पिनचा, म्हणजे सरकणं अडवणाऱ्या खिळीचा, माउंट लावा आणि एअर रायफलीसाठी बनवलेलाच स्कोप घ्या. फायरआर्मचा महागडा स्कोप त्या उलट्या धक्क्याने आतून सुटू शकतो.

दोन रिंगांमध्ये जमेल तितकं अंतर ठेवा, पण टरेटच्या ठोकळ्याला किंवा नळी रुंद होते त्या उताराला रिंग टेकू देऊ नका. खालच्या अर्ध्या रिंगांवर स्कोप नुसता ठेवून बघा. तो दोन्हींवर डुगडुगल्याशिवाय बसला पाहिजे. लॅपिंग, म्हणजे रिंगा आतून घासून एका रेषेत आणणं, चांगल्या रिंगांना लागत नाही. दोन्ही रिंगा एकाच तुकड्यात असलेला एकसंध माउंट तर घासूच नका.

डोळ्याचं अंतर

रिंगांची वरची टोपणं सैल बसवा, इतकी की स्कोप हाताने सरकेल. झूम सर्वांत मोठ्या आकड्यावर न्या, कारण तिथे डोळ्याला सर्वांत कमी सूट मिळते. मग जमिनीवर आडवे व्हा. टेबलाशी बसून हे काम केलं की ते चुकतंच. झोपल्यावर डोकं काही सेंटिमीटर पुढे जातं. स्पर्धेत जॅकेट घालत असाल तर आत्ताही घाला.

डोळे मिटा, गाल स्टॉकवर नेहमीसारखा टेकवा, मान सैल सोडा आणि डोळे उघडा. पूर्ण वर्तुळ कडेपर्यंत स्वच्छ दिसलं पाहिजे. कडेला सगळीकडून सारखी काळी झालर दिसली तर स्कोप पुढे किंवा मागे सरकवा. एकाच बाजूला काळी कोर दिसली तर गालपट्टीची उंची चुकली आहे. हे पाच-सहा वेळा करा, दर वेळी उठून पुन्हा झोपा. स्कोपच्या हिशोबाने मान लांबवायची सवय लागली की चाळिसाव्या गोळीपर्यंत ती टिकत नाही.

आयपीसचा फोकसही आत्ताच लावा. स्कोप मोकळ्या आकाशाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे धरा (सूर्याकडे कधीच नाही), क्षणभर बघा, नजर काढा. पहिल्या नजरेत रेटिकल धारदार दिसलं पाहिजे. टक लावून पाहिलं तर डोळाच जुळवून घेतो आणि चुकीचा फोकस बरोबर वाटतो.

ओळंबा

सगळ्या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

रेटिकलची उभी रेघ १ अंश जरी कलली, तरी ११.५ मिल चढवल्यावर त्यातले ०.२ मिल आडवे जातात. हजार यार्डांवर हे १८ सेंमी झाले. वर्तुळाची त्रिज्या १२.७ सेंमी, म्हणजे अचूक सुटलेली गोळीही बाहेर. १०० यार्डांवर यातलं काहीच दिसत नाही, कारण तिथे टरेट शून्यावर असतो. म्हणून कललेला स्कोप घेऊन माणूस वर्षभर वाऱ्याला दोष देऊ शकतो.

खोलीबाहेर वीस-पंचवीस मीटरवर जाड पांढऱ्या दोरीचा ओळंबा टांगा. वारा असेल तर लंबक पाण्याच्या बादलीत बुडवा, हलणं थांबतं. रायफल बायपॉडवर आणि पिशवीवर घट्ट ठेवा, रेलवर छोटी बुडबुड्याची लेव्हल ठेवून आडवी पातळी साधा. लेव्हल टरेटच्या टोपीवर ठेवायची पद्धत सोपी आहे, पण टोपी रेटिकलशी काटकोनात असेलच असं नाही. आता झूम कमी करा, नाहीतर एवढ्या जवळ फोकस लागत नाही, आणि स्कोप रिंगांमध्ये फिरवत उभी रेघ दोरीवर अशी आणा की वरपासून खालपर्यंत कुठेच फट दिसणार नाही.

इथे एक गोष्ट समजून घेतली की डोकेदुखी निम्मी होते. रेटिकल पृथ्वीशी ओळंब्यात असणं महत्त्वाचं. ते रायफलीशी अगदी काटकोनात असणं त्यामानाने किरकोळ. समजा स्कोप नळीच्या ५ सेंमी वर आहे आणि रायफल ३ अंश कललेली, पण रेटिकल सरळ. मग नळी स्कोपच्या बाजूला २.६ मिमी सरकते. १०० यार्डांवर झिरो केल्यावर हजार यार्डांवर त्याचा फरक अडीच सेंटिमीटरही होत नाही. याउलट रेटिकल ३ अंश कललं तर ५५ सेंमी. कुणाच्या खांद्याची ठेवणच अशी असते की रायफल जरा आत कलून बसते. त्यांनी रायफल तशीच धरावी आणि रेटिकल ओळंब्याला लावावं.

स्कोपच्या नळीवर चढवायची छोटी अँटी-कँट (कल दाखवणारी) लेव्हल याच वेळी बसवा. रेटिकल दोरीवर आहे आणि बुडबुडा मध्यावर आहे, अशा स्थितीत तिचा स्क्रू आवळा. रेंजवर क्षितिजाच्या भरवशावर राहू नका, मैदानाचा उतार डोळ्याला सहज फसवतो.

आवळणं

रिंगच्या टोपणांच्या दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवा आणि स्क्रू तिरप्या जोड्यांनी पाव-पाव फेरा आवळत जा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर स्कोप तिकडे फिरतो आणि ओळंब्याची मेहनत वाया जाते. शेवटी टॉर्क पान्याने १.७ ते २ न्यूटन-मीटर, किंवा स्कोप बनवणाऱ्याने कमी सांगितलं असेल तर तितकंच. मग पुन्हा दोरीकडे बघा. हललं असेल तर सैल करून पुन्हा. पहिल्याच फटक्यात जमत नाही, हे धरून चला.

समाधान झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून रिंगेपर्यंत रंगाची बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला, हे पान्याशिवाय कळतं. पॅरॅलॅक्सचा (डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावरून सरकल्यासारखं दिसतं, ते घालवणारा) किंवा झूमचा चाक आधीपेक्षा जड फिरायला लागला असेल तर रिंगा जास्त आवळल्या गेल्या आहेत.

झिरो

रेंजवर गेल्यावर बोल्ट काढून नळीतून १०० यार्डांवरचं लक्ष्य बघा. ते नळीच्या वर्तुळात मध्यावर आणा, रायफल न हलवता टरेट फिरवून रेटिकलही तिथेच आणा. एवढ्याने पहिली गोळी कागदावर पडते. बोल्ट परत घालण्याआधी नळी मोकळी असल्याची खात्री करा.

पॅरॅलॅक्स लक्ष्यावर लावा. डोकं किंचित वर-खाली हलवलं तरी रेटिकल लक्ष्यावरून सरकू नये. चाकावरच्या आकड्यांपेक्षा या परीक्षेवर विश्वास ठेवा. मग पाच गोळ्या आणि त्या गटाचा मध्य. एका गोळीवरून क्लिक (टरेटचा एक टप्पा) फिरवू नका. १०० यार्डांवर ०.१ मिलची क्लिक ९.१ मिमी हलवते. गट ४.५ सेंमी खाली आणि २.७ सेंमी उजवीकडे असेल तर ५ क्लिक वर, ३ क्लिक डावीकडे. पुन्हा पाच गोळ्या. ठरल्यावर टरेटचा बाह्य भाग सैल करून शून्य जुळवा, झिरो-स्टॉप (टरेट शून्यावर अडवणारी सोय) असेल तर लावा.

उंच कागदाची परीक्षा

दीड मीटर उंच फळीवर कागद लावा, तळाशी नेम धरायचा ठिपका, आणि त्यातून वर ओळंब्याने आखलेली रेघ. कागदाची कड सरळ आहे असं गृहीत धरू नका. स्कोपपासून लक्ष्यापर्यंतचं अंतर टेपने किंवा लेझरने मोजा. यार्डांच्या रेंजला मीटर समजलात तर ९ टक्क्यांची चूक इथेच होते.

शून्यावर पाच गोळ्या. मग १० मिल चढवा, नेम तळाच्याच ठिपक्यावर, रेटिकल रेघेवर, बुडबुडा मध्यावर, आणि आणखी पाच. १०० मीटरवर दोन गटांच्या मध्यांत १०० सेंमी अंतर हवं, १०० यार्डांवर ९१.४. समजा १०० मीटरवर ९८ भरले. म्हणजे टरेट सांगतो त्याच्या ९८ टक्केच देतो. हजार यार्डांवर ही तूट २१ सेंमीची. उपाय सोपा आहे: ११.५ला ०.९८ने भागा आणि ११.७ लावा. बॅलिस्टिक ॲपमध्ये ही दुरुस्ती टाकायची सोय असते. तूट स्थिर असेल तर स्कोप फेकून द्यायची गरज नाही.

वरचा गट रेघेपासून १.७ सेंमी बाजूला पडला तर कल १ अंशाचा आहे. आधी लेव्हल आणि रेटिकल तपासा. ते बरोबर असूनही गट बाजूलाच जात असेल तर स्कोपच्या आतली हालचालच तिरकी आहे. तो विक्रेत्याकडे परत.

गटात गोळ्या थोड्या विखुरतातच, त्यामुळे तीन गोळ्यांवरून अर्ध्या टक्क्याचा निष्कर्ष काढू नका. त्याहून स्वच्छ पद्धत म्हणजे बोल्ट काढलेली रायफल जड शिकंजात पक्की करायची, १०० मीटरवर सेंटिमीटरच्या खुणांची उभी पट्टी लावायची, आणि टरेट फिरवत रेटिकल कुठे पोचतं ते वाचायचं. चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा वाचा. दोन्हींत फरक पडत असेल तर आत ढिलेपणा आहे.

चौकोनी ‘बॉक्स टेस्ट’ (नेम एकाच ठिपक्यावर ठेवून, टरेट चौकोनात फिरवत गोळ्या मारणं) लोकप्रिय आहे, पण माझ्या मते ती फक्त ढोबळ बिघाड पकडते. दोन टक्क्यांची तूट तिच्यातून निसटते. त्याऐवजी टरेट शून्य ते १० मिल असा दहा-बारा वेळा फिरवा आणि शून्यावर आणून पुन्हा गट मारा. तो पहिल्या गटावरच पडला पाहिजे.

लांबवर गेल्यावर

थेट हजारवर जाऊ नका. ३००, ६०० आणि मग पुढे. प्रत्येक ठिकाणी हिशोबाचा आकडा आणि प्रत्यक्ष लागलेला आकडा शेजारी शेजारी लिहा. टरेटची चूक असेल तर तफावत सगळीकडे त्याच टक्क्यात दिसते. गोळीचा वेग चुकीचा टाकला असेल तर ती ३००वर जवळपास नसते आणि ८००च्या पुढे झपाट्याने वाढते.

आडव्या चुकीचंही तसंच. वारा डावीकडून असो वा उजवीकडून, गट कायम उजवीकडेच झुकत असेल, तर दोन शक्यता. एक, कल. दुसरी, स्पिन ड्रिफ्ट: उजव्या पिळाच्या नळीतून सुटलेली .३०८ची गोळी हजार यार्डांवर साधारण २०-२५ सेंमी उजवीकडे वाहते. उंच कागदावर स्कोप सरळ ठरला असेल तर उरलेलं ड्रिफ्ट धरा आणि विंडेजवर (आडव्या टरेटवर) काढा. काही जण मुद्दाम स्कोप किंचित कलता बसवून ते झाकतात. काडतूस किंवा अंतर बदललं की तो हिशोब कोसळतो, शिवाय पुढच्या वेळी खरा कल शोधणं अशक्य होऊन बसतं.

नव्या बसवणीनंतर पहिल्या तीस-चाळीस गोळ्यांनी रंगाच्या रेघा बघा आणि १०० यार्डांचा झिरो पुन्हा तपासा. स्कोप उतरवावा लागला तर रिंगा रेलच्या कितव्या खाचेत होत्या ते आणि टॉर्कचे आकडे वहीत लिहून ठेवा. परत चढवल्यावर झिरोसाठी पाच गोळ्या, आणि मोठी स्पर्धा जवळ असेल तर उंच कागदही.